ई२० च्या काळात गाडीत कोणतं पेट्रोल भरावं? मराठवाड्यातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही जिंतूरला घरी आलो. गाडीवरची ताडपत्री काढली, बॅटरी चार्ज करून आणून लावली आणि किल्ली फिरवली. सेल्फ छान फिरत होता, पण गाडी काही धरेना. वडिलांच्या उपचारासाठी जूनपासून आम्ही पुण्यात होतो आणि आमची २०१४ ची गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती. टाकी अर्धी होती. मिस्त्रींनी टाकीतलं पेट्रोल काढलं, त्यातलं थोडं पारदर्शक बाटलीत भरलं आणि बाटली ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांत बाटलीत सरळ रेघ उमटली. वर नारिंगीसर पेट्रोल आणि खाली पाण्यासारखा, किंचित दुधाळ थर. तो खालचा थर बाटलीच्या पाव भागाहून जास्त होता.

"दादा, वरचं तेवढं पेट्रोल. खालचं पाणी अन् स्पिरिट. गाडी खालचंच ओढायलीय, मग धरल कशी?"

टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर चिरला होता. पावसाचं पाणी तिथून झिरपत राहिलं आणि पेट्रोलमधलं इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसलं. टाकी धुणं, फिल्टर आणि इंजेक्टर साफ करणं, असं सगळं करावं लागलं. वॉशर वेळेवर बदलला असता तर यातलं काहीच झालं नसतं. त्या दिवसापासून गाडीत काय भरतो आणि त्याचं पुढं काय होतं, हे मी नीट समजून घेतलं. पहिलीच गाडी घेतलेल्या किंवा सेकंडहँड घ्यायला निघालेल्या मंडळींसाठी ते इथं क्रमानं लिहितो.

आधी हे समजून घ्या: पंपावर मिळतं ते काय

आज कुठल्याही पंपावर साधं पेट्रोल मागितलं की मिळतं ते ई२०. म्हणजे शंभर लिटरमध्ये सुमारे वीस लिटर इथेनॉल आणि बाकीचं पेट्रोल. ही मिसळ नवी नाही. ५ टक्क्यांपासून २००३ मध्ये सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० बाजारात आलं आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे पोचलं. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय ठेवावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. तेव्हा 'मला जुनंच पेट्रोल द्या' असं पंपावर म्हणून उपयोग नाही. त्या पोराच्या हातात काही नसतं, त्याच्याशी वाद घालू नका.

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. ते उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून बनतं. म्हणजे आपल्याच बांधावरचा माल. सिल्लोड-कन्नडच्या मक्याला त्यामुळे नवं गिऱ्हाईक मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. उसाबद्दल मात्र मला तेवढा आनंद वाटत नाही. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात टाकी भरण्यासाठी ऊस वाढवणं मला पटत नाही. पण हा विषय वेगळा आहे, गाडीकडे वळू.

इथेनॉलचे तीन गुण-अवगुण लक्षात ठेवले की पुढचं सगळं समजतं. एक, त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज उतरतं. दोन, ते पाणी ओढून घेतं. तीन, ते काही जातीच्या रबराला आणि धातूंना सोसत नाही, आणि जुन्या टाकीच्या तळाचा गाळही सोडवतं. चौथी गोष्ट त्याच्या बाजूची: त्याचा ऑक्टेन मोठा, १०८ च्या आसपास. त्यामुळे इंजिन लवकर 'नॉक' होत नाही, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन टकटक वाजत नाही.

पहिलं काम: गाडीची जन्मतारीख काढा

पंप निवडण्याआधी, साधं की प्रीमियम हे ठरवण्याआधी आरसी बुक उघडा. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. नोंदणीची तारीख पाहू नका. शोरूममध्ये सहा-सहा महिने उभी राहिलेली गाडीही नंतर एमएच २२ किंवा एमएच २६ चा नंबर घेऊन बाहेर पडते. इंधनाबाबतचे बहुतेक निर्णय या एका तारखेवर ठरतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

एप्रिल २०२५ नंतर बनलेली गाडी असेल तर तिचं इंजिनही ई२० धरूनच लावलेलं असतं. निवांत भरा.

एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ मधल्या गाड्यांचे पाइप, वॉशर, पंप हे सगळं ई२० ला सोसणारं असतं. सरकारी आराखड्यानुसार इंजिनाची जुळवणी मात्र १० टक्क्यांचीही चालत होती. काही कंपन्यांनी ती आधीच २० ला केली. तुमच्या गाडीचं खरं काय ते पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर आणि माहितीपुस्तकातलं इंधनाचं पान सांगेल. तिथं ई२० लिहिलं असेल तर काळजीचं कारण नाही.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या म्हणजे आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारातला बहुतेक माल. यातल्या बऱ्याचशा ई१० धरून बनलेल्या आहेत. त्या ई२० वर चालतात. माझीही चालते. लगेच काही बिघडत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं आणि रबरी भाग ठरलेल्या वेळेआधी बदलावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही म्हटलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावी लागतील. त्याच वेळी, ई२० मुळे विमा बाद होत नाही, असंही मंत्रालयानं सांगितलं. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीला ई-मेल करून उत्तर लेखी घ्या. काउंटरवरच्या माणसाचं 'काही नाही होत साहेब' हे पुढं वॉरंटीत कामाला येत नाही.

कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल कॉम्प्युटरशिवाय मिसळणाऱ्या जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर ते वाढवतो. कार्बोरेटरला ही अक्कल नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तेच राहिलं तर मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, गाडी गरम चालते, पिकअप देताना अडखळते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यातच बंद पडण्याचा त्रासही अशाच गाड्यांना. अशी गाडी घरात असेल तर जुन्या कार्बोरेटरची जाण असलेल्या मिस्त्रीकडून एकदा ट्यूनिंग करून घ्या.

दुसरं: साधं की प्रीमियम

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, एवढंच. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ९१ लिहिलं असेल तर ९५ भरून ती जास्त पळणार नाही. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या ज्या गाडीला कंपनीनंच ९५ सांगितलंय, तिला ९५ भरा. एखाद्या चढावर चार माणसं बसवून जाताना इंजिन टकटक वाजत असेल तर दोन टाक्या ९५ च्या भरून पाहायला हरकत नाही. आवाज गेला नाही तर दुखणं दुसरीकडे आहे.

यात एक मोठी फसगत होते. ९५ ऑक्टेनचं प्रीमियम भरलं की इथेनॉल टळतं, असं अनेकांना वाटतं. टळत नाही, त्यातही इथेनॉल असतं. बिनइथेनॉलचं म्हणून ओळखलं जातं ते इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१००, डिसेंबर २०२० मध्ये आलेलं. ते मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं आणि त्याचा भाव साध्याच्या सुमारे दीडपट असतो.

ते परवडतं का, याचा हिशेब करून बघू. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात असं दिलंय की मूळ बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. ई१० साठी बनलेल्या आणि २० ला जुळवलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्केच. समजा गाडी आधी १८ द्यायची, आता १७ देते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर आधी साडेपंचावन्न लिटर लागायचं, आता एकोणसाठच्या आतबाहेर. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याचा फटका साडेतीनशे रुपयांचा. तो वाचवायला दीडपट भावाचं पेट्रोल भरलं तर महिन्याला अडीच हजार रुपये जास्त जातात. रोजच्या गाडीला हा व्यवहार परवडत नाही. फार जुनी, जपून ठेवलेली, वर्षातून चारदा बाहेर काढायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

साडेतीनशे म्हणजे काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. परभणीत पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलमध्ये मोडतं, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून एवढा लांबचा रस्ता तुडवत येतो. इथल्या माणसाला लिटरमागचा रुपयाही जाणवतो. ऊर्जा कमी असलेलं इंधन त्याच भावात घ्यावं लागतं, ही गिऱ्हाइकाची तक्रार रास्त आहे असंच माझं मत आहे.

तिसरं: ॲव्हरेज स्वतः मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो. ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीनशे-चारशे किलोमीटर फिरा, त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटरला दुसऱ्या खेपेच्या लिटरनं भागा. असं तीनदा करा. छत्रपती संभाजीनगरला जाऊन-येऊन आमचे तीनशेहून जास्त किलोमीटर होतात, ते मला सोयीचं पडतं. हा आकडा वहीत असला की पुढं ॲव्हरेज एकदम १५ टक्क्यांनी पडलं तर तो दोष इथेनॉलचा नाही हे लगेच कळतं. मग टायरमधली हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक बघायचे.

आणि ऑटो कट झाल्यावर 'राउंड करू का?' म्हटलं की नको म्हणा. वरचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि तो डबा खराब होतो. उन्हाळ्यात टाकीतलं पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी असते.

चौथं: पंप कसा निवडायचा

जिथं विक्री जास्त, तिथं माल ताजा. आडरस्त्याचा, दिवसाला मोजक्याच गाड्या येणारा पंप पावसाळ्यात मी टाळतो. कारण एकच, पाणी. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर साध्या पेट्रोलमध्ये ते वेगळं तळाशी राहायचं. इथेनॉल असल्यावर ते आधी विरघळतं आणि प्रमाण वाढलं की इथेनॉलला घेऊन खाली बसतं. पंपाच्या आवारात पाणी तुंबलेलं दिसलं तर त्या दिवशी पुढं चला. टँकर रिकामा होत असतानाही थांबू नका, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

सकाळी थंड वेळी भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, हे सोडून द्या. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. वैधमापन विभागाच्या शिक्क्याचं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर तक्रार पुस्तिका मागा. फिल्टर पेपरही मागता येतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका, दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा. तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या. यंत्राजवळ लिहिलेली घनताही तपासून मागता येते. १५ अंशांना बदलून घेतलेला आकडा लिहिलेल्या आकड्यापेक्षा तीनहून (किलो प्रति घनमीटर) जास्त हलायला नको. हे सगळं फुकट आहे आणि तुमचा हक्क आहे. आवाज न चढवता मागितलं की बहुतेक ठिकाणी देतात.

आता मोबाईलवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओबद्दल. पेट्रोलमध्ये पाणी ओततात, हलवतात, खालचा थर वाढलेला दाखवतात आणि 'बघा, पंपवाल्यानं पाणी मिसळलंय' म्हणतात. तसं नसतं. ८० मिलिलिटर ई२० मध्ये २० मिलिलिटर पाणी घालून हलवलं की पेट्रोलमधलं जवळपास १६ मिलिलिटर इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर पस्तिशीच्या घरात जातो. म्हणजे या प्रयोगानं पाण्याची नाही, इथेनॉलची मोजणी होते. पाण्याची शंका असेल तर पेट्रोलमध्ये काही न घालता ते काचेच्या बाटलीत स्थिर ठेवा. आपोआप रेघ उमटली किंवा पेट्रोल गढूळ दिसलं, तरच पाणी. हे उघड्यावर करा. जवळ विडी, चूल, मोबाईलचा चार्जर काही नको.

पाचवं: जुन्या गाडीत काय बदलायचं

सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला मिस्त्रींना सांगून पेट्रोलचे पाइप हातानं दाबून बघायला लावा. चांगला पाइप दाबला की परत फुगतो. खराब झालेला एकतर कडक होऊन चिरलेला असतो किंवा फुगून पिळपिळीत. गाडी बंद करून बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मिस्त्रींना घरी बोलवा. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

नवे पाइप घेताना ई२० ला चालणारेच मागा. मीटरवर मिळणारा साधा काळा पाइप स्वस्त पडतो, पण सहा महिन्यांत तीच गत होते. सोबत इंजेक्टरचे ओ-रिंग (गोल रबरी कड्या) आणि टाकीच्या झाकणाचा वॉशर बदला. पेट्रोल फिल्टर मात्र दोनदा बदलावा लागतो. ई२० सुरू झाल्यावर जुन्या टाकीचा गाळ सुटतो आणि पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर तुंबतो. गाडी वेगात असताना दम तोडायला लागली की आधी फिल्टरच बघा. लोखंडी टाकीला आतून गंज असेल तर फिल्टर बदलत राहण्यापेक्षा टाकी काढून साफ करणं बरं.

पंपावर आणि गॅरेजमध्ये 'इथेनॉल मारणारी' बाटली विकतात. अशी बाटली ओतून टाकीतलं इथेनॉल जात नाही. त्याहून घातक म्हणजे घरी पाणी घालून इथेनॉल वेगळं करणं. वर राहिलेलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं असतं, कारण कंपनीनं इथेनॉलचा ऑक्टेन धरूनच मूळ पेट्रोल हलकं ठेवलेलं असतं. ते भरलं की इंजिन ठोकायला लागतं. शिवाय घरात पेट्रोल आणि ते पाणी हाताळण्याचा धोका आहेच.

सहावं: गाडी उभी राहणार असेल तर

आपल्याकडे निम्मी घरं अशी आहेत की मुलगा पुण्याला आणि गाडी गावाकडे. माझं झालं ते अशाच गाडीचं. महिन्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. वर हवा कमी राहिली की दमट हवेतून येणारं पाणीही कमी. झाकणाचा वॉशर बोटानं चाचपून बघा, चीर नको. गाडी शेडखाली किंवा निदान पेट्रोलचं झाकण पावसाच्या उलट बाजूला येईल अशी लावा. शेजाऱ्यापाशी किल्ली ठेवा आणि पंधरा दिवसांनी वीस मिनिटं गाडी फिरवून आणायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून बंद केली तर काही साधत नाही.

थंडीत जास्त लक्ष ठेवा. गारठ्यात पेट्रोलची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. परभणीत डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, आणि पावसाळ्यात शिरलेलं पाणी अशाच एखाद्या सकाळी वेगळं होतं. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली थेट फिरवू नका. आधी टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा. रेघ उमटली तर सेल्फ मारायचा नाही, टाकी रिकामी करायची. मी त्या दिवशी दहा-बारा वेळा सेल्फ मारला आणि खालचं पाणी पार इंजेक्टरपर्यंत नेऊन पोचवलं.

शेतातल्या फवारणी पंपालाही हेच लागू आहे. हंगाम संपला की त्याची टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत पंप चालवूनच कोपऱ्यात ठेवा.